खरवडलेला चेहरा ते जुळवलेली बाही: ब्रिटिश राजघराणं आणि कॅमेरा, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न असो, बारसं असो, भांडण असो की मयत, लंडनच्या राजघराण्याचा आधी फोटो येतो आणि मागून बातमी. त्या घराकडे सैन्य, खजिना, कायदा यातलं काहीच खऱ्या अर्थाने उरलेलं नाही. उरलंय ते दिसणं. ते दिसणं कसकसं घडत गेलं यावर मला अधूनमधून विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. काही खवचट होते, तेही ठेवलेत.

व्हिक्टोरिया राणीने फोटोतला स्वतःचाच चेहरा खरवडून काढला होता, हे खरं का?

अगदी खरं. तारीख १७ जानेवारी १८५२. विल्यम किलबर्न नावाच्या फोटोग्राफरने राणीचा आणि तिच्या पाच मुलांचा एकत्र फोटो काढला. ऊन लख्ख होतं, मुलं शहाण्यासारखी बसली होती. त्या काळचा हा फोटो म्हणजे डॅगेरोटाइप: चांदीचा मुलामा दिलेला, आरशासारखा घासलेला तांब्याचा पत्रा. त्याला निगेटिव्ह नसे. त्या पत्र्यावर जे उमटलं तेच, दुसरी प्रत नाही.

पोरं छान आली. राणीचे डोळे मात्र मिटले. तिने काय करावं? पत्रा घेतला आणि त्यावरचा फक्त आपला चेहरा खरवडला. मुलांना धक्का नाही. आज तो फोटो बघितला तर रेशमी झगा आहे, हात आहेत, शेजारी मुलं आहेत आणि चेहऱ्याच्या जागी ओरखड्यांचा एक धुरकट ठिपका. डायरीत तिने लिहून ठेवलंय की मुलांचे फोटो चांगले आले, माझा तेवढा भयंकर आला. दोन दिवसांनी किलबर्नला पुन्हा बोलावलं. या खेपेला बाई मोठी टोपी घालून, कॅमेऱ्याकडे बाजू करून बसली. म्हणजे चेहरा फारसा दिसायलाच नको.

गणपतीत सगळे जमल्यावर काढलेल्या फोटोत ज्याचे डोळे मिटलेत तोच म्हणतो ना, "हा नको, ग्रुपवर दुसरा टाक"? तेच हे. फरक एवढाच की तिच्या हातात ग्रुप नव्हता, पत्रा होता.

म्हणजे तिला फोटोंचा तिटकारा होता?

छे, उलट! व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ मध्ये, फोटोग्राफीचा शोध जगाला कळला १८३९ मध्ये. दोघी जवळजवळ एकदमच वयात आल्या म्हणा. नवरा अल्बर्ट तर नव्या यंत्रांचा शौकीन. त्याने १८४२ मध्येच ब्रायटनला जाऊन स्वतःचा फोटो काढून घेतला होता. १८५३ मध्ये लंडनला फोटोग्राफिक सोसायटी निघाली तिला या दांपत्याने आश्रय दिला. (मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी लगेच पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये निघाली. आपण फार मागे नव्हतो.) पुढे क्रिमियन युद्धाचे फोटो काढून नाव कमावलेल्या रॉजर फेंटनने १८५४ मध्ये राजकुटुंबाचे कितीतरी फोटो काढले. पण हे सगळं घरातल्या घरात, अल्बमात चिकटवायला. रस्त्यावरच्या माणसाला त्यातलं काही दिसत नव्हतं.

मग घरातले फोटो बाजारात कसे आले?

१८६० साली. जॉन मायल या फोटोग्राफरला राणीने आपले फोटो विकायची परवानगी दिली आणि ऑगस्टमध्ये त्याने १४ फोटोंचा 'रॉयल अल्बम' बाजारात आणला. त्याच सुमारास 'कार्त द व्हिझित' नावाचं प्रकरण युरोपभर धुमाकूळ घालत होतं. एटीएम कार्डापेक्षा थोड्या मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला छोटा फोटो. अनेक भिंगांचा कॅमेरा वापरून एकाच काचेवर सात-आठ फोटो उमटायचे, त्यामुळे स्वस्त. लोक एकमेकांना द्यायचे, जमवायचे, अदलाबदल करायचे.

यात बघण्यासारखी गोष्ट कुठली, तर राणीच्या अंगावर मुकुट नाही, सिंहासन नाही, जरतारी काही नाही. साधा गडद झगा. शेजारी नवरा उभा. एखाद्या खात्यापित्या वकिलाचं जोडपं शोभावं. लोकांनी अल्बम घेतले, पहिल्या पानावर राणी लावली आणि पुढच्या पानांवर आपले काका, आत्या, मावश्या. एकाच मापाचा पुठ्ठा, एकाच मापाची खाच. राजाला आपल्या घरच्या अल्बमात बसवायची ही सोय आधी कोणत्याच प्रजेला मिळाली नव्हती. चित्रकाराने काढलेलं तैलचित्र राजवाड्यात टांगलं जायचं, हे टेबलावर येऊन बसलं.

डिसेंबर १८६१ मध्ये अल्बर्ट गेला. पुढच्या एका आठवड्यात त्याच्या फोटोच्या ७०,००० प्रतींची मागणी आली असं सांगतात.

विधवा झाल्यावर राणी लोकांत यायचीच बंद झाली होती ना?

हो, कितीतरी वर्षं. पण फोटो काढून घ्यायची बंद झाली नाही. मार्च १८६२ मधला एक फोटो आहे: काळ्या कपड्यातली राणी, भोवती मुलं आणि मध्ये अल्बर्टचा संगमरवरी अर्धपुतळा. पुढच्या वर्षी १० मार्चला थोरल्या मुलाचं लग्न झालं. त्या दिवशीच्या फोटोत नवरा-नवरी उभी आहेत आणि सासूबाई पुतळ्याकडे नजर लावून बसल्यात. घरच्या शुभकार्यात कॅमेऱ्याकडे न बघता दिवंगत नवऱ्याकडे बघणारी बाई. सांगायचं ते सांगून झालं, शब्द खर्च न करता. पार्लमेंटमध्ये ती दिसत नव्हती, पण फोटोच्या दुकानांच्या काचेमागे रोज दिसत होती.

उलटही झालं. १८६३ मध्ये स्कॉटलंडमध्ये काढलेल्या एका फोटोत राणी तट्टावर बसली आहे आणि लगाम जॉन ब्राऊन या नोकराच्या हातात आहे. फोटो निरुपद्रवी, पण त्यावर उठलेल्या वावड्या आजतागायत विझलेल्या नाहीत. पुठ्ठा एकदा दुसऱ्याच्या हातात गेला की त्याचा अर्थही त्याचाच.

राणीछाप रुपयावरचं चित्र फोटोवरून घेतलं होतं का?

नाही, ते ठशाचं काम. तुम्हाला जे अपेक्षित आहे ते १८९७ च्या हीरक महोत्सवात झालं. तेव्हाचा अधिकृत फोटो डब्ल्यू. अँड डी. डाउनी या पेढीने काढलेला होता आणि गंमत म्हणजे तो चार वर्षं जुना होता, १८९३ मधला. हनुवटी आणि गाल हलक्या हाताने सुधारलेले. त्या फोटोवरचा स्वामित्वहक्क मोकळा ठेवला गेला, कोणीही छापा. मग काय, बशा, बिस्किटांचे डबे, जाहिराती, जिथे जागा तिथे राणी. आज कंपन्या 'व्हायरल' व्हायला पैसे मोजतात. ही बाई नुसता हक्क सोडून झाली.

आपल्याकडे, भारतात, या फोटोंचं काय झालं?

व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा, युवराज एडवर्ड १८७५-७६ मध्ये भारतात फिरला तेव्हा बोर्न अँड शेफर्डचे कॅमेरे मागे होतेच. १८७७ च्या दिल्ली दरबाराचे फोटोही याच पेढीचे. आणि १८९७ मध्ये खुद्द व्हिक्टोरियाने लाला दीनदयाळ यांना आपले फोटोग्राफर म्हणून सनद दिली. निजामाने 'राजा' केलेले हेच ते दीनदयाळ. सुरुवात इंदूरला, मोठा स्टुडिओ मुंबईला.

पण मराठी वाचकाने थांबून बघावा तो प्रसंग १२ डिसेंबर १९११ चा. दिल्ली दरबार. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मंडपात बसलेले. एकेक संस्थानिक पुढे येतो, लवून मुजरा करतो आणि पाठ न दाखवता मागे सरकत जातो. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आले ते दागदागिन्यांचं ओझं न घालता, हातात साधी काठी. एकदा वाकले, वळले आणि पाठ करून चालू लागले.

एरवी ही कुजबूज दरबारापुरती राहिली असती. पण तिथे फिल्म कॅमेरे होते. लंडनच्या थिएटरांत चित्रफीत दाखवली गेली, वर्तमानपत्रांनी 'राजद्रोह' म्हणून बोंब ठोकली आणि सयाजीरावांना व्हाइसरॉयला खुलासा द्यावा लागला. तो अपमान मुद्दाम होता की गडबडीत झाला यावर अजून वाद घालतात. मला विचाराल तर क्रिकेटच्या थर्ड अंपायरचा हा पूर्वज. प्रत्यक्ष मैदानात जे निसटून गेलं असतं ते पडद्यावर पुन्हा पुन्हा बघून निकाल. बादशाहीचा थाट जगाला दाखवायला आणलेल्या कॅमेऱ्याने एका मराठी राजाची पाठही जगाला दाखवली, हे आणणाऱ्यांच्या हिशेबात नव्हतं. त्याच दरबाराची किनेमाकलर पद्धतीची रंगीत फिल्म १९१२ मध्ये लंडनला चालली, दोन तासांहून मोठी.

अलीकडचं हलकंफुलकं उदाहरण हवं तर नोव्हेंबर २००३ घ्या. चर्चगेट स्टेशनबाहेर प्रिन्स चार्ल्स डबेवाल्यांना भेटला. ते फोटो जगभर गेले आणि २००५ मध्ये त्याच्या लग्नाला दोन डबेवाले पाहुणे म्हणून गेले. त्या फोटोंत राजपुत्रापेक्षा गांधीटोपीच जास्त उठून दिसते, असं माझं पक्षपाती मत.

खेळकर, हसरे राजघराण्याचे फोटो डायनापासून सुरू झाले असं म्हणतात.

मुळीच नाही. व्हिक्टोरियाची सून अलेक्झांड्रा हिचा १८६८ मधला फोटो बघा. पाठीवर चिमुरडी मुलगी घेतलेली, आपण पाठुंगळी घेतो तशी. त्याच्या ३ लाख प्रती खपल्या. पुढे अलेक्झांड्राने स्वतः कोडॅक कॅमेरा हातात घेतला आणि १९०८ मध्ये धर्मादायासाठी आपल्या फोटोंचं पुस्तकच काढलं. राजघराण्यातली बाई स्वतः फोटो काढते, ही काही आजच्या युवराज विल्यमची बायको केट हिची नवलाई नव्हे.

आठवा एडवर्ड आणि वॉलिस सिम्पसन यांचे फोटो इंग्लंडमध्ये दडपले होते का?

दडपले म्हणण्यापेक्षा संपादकांनी आपणहून तोंडाला कुलूप लावलं. १९३६ च्या उन्हाळ्यात राजा आणि त्याची घटस्फोटाच्या वाटेवरची मैत्रीण भूमध्य समुद्रात बोटीवर फिरत होती. अमेरिकेतले वाचक त्यांचे फोटो मिटक्या मारत बघत होते. इंग्लंडमध्ये येणाऱ्या परदेशी मासिकांची तेवढी पानं वितरक कात्रीने कापून टाकत. ३ डिसेंबरला ब्रिटिश पेपरांनी तोंड उघडलं आणि आठवडाभरात राजाने गादी सोडली. आज असली कात्री कुठून आणणार?

सेसिल बीटन या फोटोग्राफरचं एवढं नाव का?

कारण त्याने घराला पुन्हा परीकथेत नेऊन बसवलं. १९३९ मध्ये जॉर्ज सहाव्याची राणी एलिझाबेथ (पुढे 'क्वीन मदर' म्हणून ओळखली गेली ती) हिचे फोटो त्याने बकिंगहॅमच्या बागेत काढले. नॉर्मन हार्टनेलने शिवलेले पांढरे घेरदार झगे, हातात छत्री, मागे झाडी. एकोणिसाव्या शतकातल्या दरबारी तैलचित्रांची हुबेहूब आठवण. गादी सोडण्याच्या भानगडीने विस्कटलेलं घर पुन्हा सोज्वळ दिसू लागलं. वर्षभरात युद्ध आणि बॉम्ब. सप्टेंबर १९४० मध्ये राजवाड्यावर बॉम्ब पडले तेव्हा राजा-राणीचे ढिगाऱ्यातले फोटो निघाले. झग्याचा फोटो आणि ढिगाऱ्याचा फोटो, दोन्हींची गरज होती.

२ जून १९५३ चा राज्याभिषेकाचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल: तिची मुलगी तरुण एलिझाबेथ, मुकुट, राजदंड आणि मागे वेस्टमिन्स्टर ॲबेच्या उंच कमानी. त्या कमानी पडद्यावर रंगवलेल्या आहेत. फोटो राजवाड्यातल्या दिवाणखान्यात काढलाय. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओत ताजमहालाच्या पडद्यापुढे बसून फोटो काढायचे ना? जात तीच, भारी पडदा.

राज्याभिषेकातला एक क्षण कॅमेऱ्याला दाखवत नाहीत तो कुठला?

तेलाच्या अभ्यंगाचा. १९५३ मध्ये वर छत धरलं आणि टीव्हीचे कॅमेरे तेवढ्यापुरते दुसरीकडे वळवले. ब्रिटनमध्ये सुमारे २ कोटी ७० लाख लोक घरबसल्या सोहळा बघत होते, पण तेवढं कोणी पाहिलं नाही. ६ मे २०२३ ला चार्ल्सच्या वेळी तीन बाजूंनी भरतकामाचे पडदे लावले. गाभाऱ्यात कॅमेरा नेऊ देत नाहीत, तसंच. सगळं दाखवणाऱ्या घराने एवढं एक झाकून ठेवलं आणि त्याचीच चर्चा जास्त झाली.

राजघराण्यात कोणी धंदेवाईक फोटोग्राफर होतं का?

जावईच होता. राणी एलिझाबेथची बहीण राजकन्या मार्गारेट हिने १९६० मध्ये अँटनी आर्मस्ट्राँग-जोन्सशी लग्न केलं. पोटापाण्याला फोटो काढणारा माणूस. पुढे तो लॉर्ड स्नोडन झाला. चार्ल्स-डायनाच्या १९८१ च्या लग्नाचे आतले फोटो काढणारा पॅट्रिक लिचफिल्ड हा राणीच्याच नात्यातला.

आणि १९६९ ची ती फिल्म? ती परत का दाखवली जात नाही?

बीबीसी आणि आयटीव्हीने मिळून केलेल्या माहितीपटात राणीचं कुटुंब उघड्यावर मांस भाजताना, जेवायला बसलेलं वगैरे दिसलं. देशातली निम्म्याहून जास्त माणसं बघायला बसली. नंतर राजवाड्याने तो आवरून घेतला. फोटोत एक क्षण असतो, उरलेलं बघणारा मनाने भरतो. दोन तास चालते-बोलते दाखवलेत तर भरायला काही उरत नाही. हे त्यांना बहुधा उशिरा कळलं.

डायनाला कॅमेऱ्याने मोठं केलं की मारलं?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला सहसा एका शब्दात उत्तर हवं असतं. ते मिळणार नाही.

सप्टेंबर १९८०. १९ वर्षांची मुलगी लंडनच्या एका बालवाडीत काम करते. फोटोग्राफर दाराशी. एक फोटो दिला की जातील, या भाबड्या हिशेबाने ती दोन मुलांना घेऊन बाहेर उभी राहिली, एक कडेवर, एक बोटाला. पाठीमागे ऊन. पातळ घागऱ्यातून पाय दिसले. पेपरात तेच छापून आलं. देणं आणि लुबाडलं जाणं या दोन्हींतलं अंतर तिला पहिल्याच दिवशी समजलं असणार.

पुढे ती त्यात तरबेज झाली. ९ एप्रिल १९८७ ला लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये एड्सच्या रुग्णांसाठी वॉर्ड सुरू झाला. तिथे तिने एका रुग्णाशी हात मिळवला, हातमोजे न घालता. स्पर्शाने एड्स होतो असं लोक खरोखर मानायचे तो काळ. त्या फोटोत रुग्णाचा चेहरा दिसत नाही, त्याला दाखवायचा नव्हता. दिसतात ती त्याची पाठ, तिचा चेहरा आणि दोन हात. डॉक्टरांची किती पत्रकं छापली असती तर एवढा परिणाम झाला असता?

११ फेब्रुवारी १९९२, ताजमहाल. संगमरवरी बाकावर ती एकटी. चार्ल्स त्या वेळी भारतातच दुसऱ्या कार्यक्रमात होता. १९८० मध्ये तो ताज बघायला आला होता तेव्हा बायकोला घेऊन पुन्हा येईन असं म्हणाला होता, ते पत्रकार विसरले नव्हते. नवरा कामात असताना बायकोने ताज बघणं यात एरवी काय आहे? पण तो बाक, मागची ती कबर आणि मध्ये बसलेली एकटी बाई. वर्ष संपायच्या आत दोघं वेगळे झाल्याची घोषणा झाली. लोकांना ती चौकट आधीच ठाऊक होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये विल्यम आणि केट त्याच बाकावर जोडीने येऊन बसले, तेव्हा ते काय पुसायला आलेत हे कोणाला सांगावं लागलं नाही.

१९९७ चा जानेवारी, अंगोला: छातीवर कवच, तोंडापुढे पारदर्शक झडप आणि सुरुंगांच्या मैदानातून चालणारी डायना. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला पॅरिसच्या बोगद्यात शेवट, मागे मोटरसायकलींवर फोटोग्राफर. २००८ मध्ये ब्रिटनच्या चौकशीत ज्यूरीने दोघांना जबाबदार धरलं: तिची गाडी चालवणारा आणि मागे लागलेली वाहनं, दोघांचं बेदरकार हाकणं. ड्रायव्हर दारू प्यायला होता, तिने पट्टा लावला नव्हता. हे सगळं खरं आहे आणि 'कॅमेऱ्याने मारलं' या एका वाक्यात बसत नाही. पण ते फोटो विकत घेणाऱ्या मासिकांचा खप कोणामुळे होता, हेही विचारायला हवं. आपल्याकडे न्हाव्याच्या दुकानातही तिची मुखपृष्ठं असायची, ती आम्हीच चाळायचो.

'रॉयल रोटा' म्हणजे काय?

पाळी. कार्यक्रमात जागा कमी, फोटोग्राफर भरपूर. म्हणून ठरलेल्या एक-दोघांनी आत जायचं आणि काढलेले फोटो बाकीच्यांना द्यायचे. व्यवस्था सोयीची आहे, पण कोण कुठे उभा राहणार हे यजमान ठरवतो. हॅरी आणि मेगनने जानेवारी २०२० मध्ये राजघराण्याच्या कामातून बाहेर पडताना या पद्धतीवरच बोट ठेवलं होतं.

नाताळच्या भाषणात टेबलावरचे फोटो लोक मोजतात, हे खरं?

खरं. २०१९ च्या भाषणात राणीच्या टेबलावर वडिलांचा, नवऱ्याचा, चार्ल्स-कॅमिलाचा, विल्यमच्या कुटुंबाचा फोटो होता. हॅरी-मेगनचा नव्हता. दोन आठवड्यांत ते दोघं राजघराण्याच्या कामातून बाहेर पडत असल्याची बातमी आली. लग्नाच्या अल्बमात आपला फोटो नाही म्हणून वर्षानुवर्षं धुसफुसणारे नातेवाईक ज्यांनी पाहिलेत त्यांना यात काहीच अतिशयोक्ती वाटणार नाही.

फोटो खोटं बोलतो का? जमैकाच्या जाळीचं प्रकरण काय होतं?

मार्च २०२२, किंग्स्टनचा ट्रेंच टाऊन भाग. विल्यम आणि केट तारेच्या जाळीतून हात घालणाऱ्या लोकांना भेटतायत. जाळीपलीकडे काळी माणसं, अलीकडे गोरं राजजोडपं. ती जाळी फुटबॉलच्या मैदानाची होती, आणि तिथे जमलेली गर्दी नावाजलेल्या फुटबॉलपटूंसाठीही आली होती. एवढा खुलासा फोटोखाली मावत नाही. पण ज्या देशात गुलामगिरीच्या भरपाईची मागणी चालू आहे तिथे जाळीजवळ जाताना कोणाच्याच डोक्यात ट्यूब पेटू नये? खोटं फोटोत नव्हतं, बेफिकिरी दौऱ्याच्या आखणीत होती.

प्रिन्स अँड्र्यूची प्रतिष्ठा एका फोटोने गेली का?

राणीच्या या मुलावर लैंगिक शोषणाचे आरोप होतेच, फोटोने त्यांना चेहरा दिला. २००१ मधला म्हणून ओळखला जाणारा, एका तरुण मुलीच्या कमरेभोवती हात असलेला फोटो. २०१९ च्या बीबीसी मुलाखतीत त्याने आरोप नाकारले आणि तो फोटो काढल्याचं आठवतच नाही असं सांगितलं. काही दिवसांत सार्वजनिक कामातून बाजूला झाला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पदव्याही गेल्या.

केटच्या २०२४ च्या फोटोत नेमकी काय गडबड होती?

१० मार्च २०२४, ब्रिटनमधला मातृदिन. जानेवारीत पोटाची शस्त्रक्रिया झाल्यापासून केट लोकांना दिसली नव्हती आणि नेटवर अफवांचा बाजार भरला होता. तेवढ्यात केन्सिंग्टन राजवाड्याने फोटो दिला: खुर्चीत बसलेली केट, भोवती तीन मुलं, सगळे हसरे. फोटो विल्यमने काढलेला.

लोकांनी मोठा करून बघितला. शार्लटच्या स्वेटरची बाही मनगटापाशी मध्येच नाहीशी होते. केटच्या जॅकेटची चेन सरळ रेषेत येत नाही. संध्याकाळपर्यंत एपी, एएफपी, रॉयटर्स, गेटी या वृत्तसंस्थांनी फोटो मागे घेतला, 'वापरू नका' असा आदेश काढून. असे आदेश एरवी हुकूमशाही सरकारांनी पाठवलेल्या फोटोंवर निघतात. दुसऱ्या दिवशी केटने माफी मागितली: हौशी फोटोग्राफर करतात तसं मीही अधूनमधून एडिटिंग करून बघते. २२ मार्चला तिने व्हिडिओत सांगितलं की आपल्याला कॅन्सर झालाय. चेष्टा करणाऱ्यांची जीभ टाळ्याला चिकटली.

माझं मत विचाराल तर गुन्हा फार क्षुल्लक होता. चार जणांच्या फोटोत एकाची मान वळलेली, दुसऱ्याचे डोळे मिटलेले, मग चांगले तुकडे घ्यायचे आणि जोडायचे. आज फोन आपणहून हे करतो. पण २०१५ पासून, शार्लटच्या जन्मापासून, मुलांचे फोटो आईच काढते आणि आम्ही ते जगाला देतो, ही त्या घराची नवी ओळख होती. बाहेरचा फोटोग्राफर नाही, दिखावा नाही, अगदी घरगुती. त्या घरगुतीपणावरचा विश्वास बाहीच्या टोकाला उसवला. गेटीने मग आणखी एक फोटो तपासला. ऑगस्ट २०२२ मध्ये केटनेच काढलेला, राणी आणि नातवंडं-पतवंडं. त्यावरही एडिटिंगचा हात फिरलेला निघाला.

न सजवलेला, तरी लक्षात राहिलेला एखादा फोटो?

दोन सांगतो. १७ एप्रिल २०२१, राणी एलिझाबेथचा नवरा फिलिप याची अंत्ययात्रा. कोविडचे नियम, म्हणून काळा मास्क लावलेली ९४ वर्षांची राणी लाकडी बाकांच्या रांगेत एकटी. आदल्याच रात्री पंतप्रधानांच्या कचेरीत पार्ट्या झाल्या होत्या, हे पुढे उघड झालं आणि प्रत्येक पेपराने हाच फोटो पुन्हा छापला.

दुसरा ६ सप्टेंबर २०२२ चा, बाल्मोरलचा. हातात काठी, अंगात राखाडी स्वेटर, मागे शेकोटी. नव्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या भेटीच्या वेळचा. बघणाऱ्यांची नजर गेली ती उजव्या हातावरच्या काळ्यानिळ्या डागाकडे. तो कोणी पुसला नव्हता. दोन दिवसांनी ती गेली.

तिथल्या सरकारी कचेऱ्यांत राजाचा फोटो लावतात का?

लावतात. चार्ल्सचा नौदलाच्या गणवेशातला अधिकृत फोटो ह्यूगो बर्नंडने काढला आणि ज्या शाळा, न्यायालयं, पोलीस ठाणी मागतील त्यांना फुकट द्यायला सरकारने ८० लाख पौंड बाजूला ठेवले. महागाईत हे कशाला, म्हणून ओरडही झाली. १८६० मध्ये लोक स्वतःच्या खिशातून पैसे देऊन राणी घरी नेत होते.

हे जुने फोटो बघायला मिळतात का?

विंडसर किल्ल्याच्या गोल बुरुजात राजघराण्याचा फोटोसंग्रह आहे, सुमारे साडेचार लाख फोटोंचा. त्यातले पुष्कळसे रॉयल कलेक्शनच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. किलबर्नचा १८५२ चा पत्राही तिथे आहे. मोठा करून बघा. ओरखडे आडवे-उभे, घाईत ओढलेले आहेत, आणि मुलांच्या चेहऱ्यांच्या आधी ते नेमके थांबलेत.